रक्त आणि रीत : इरावतीबाईंच्या लेखनाचे एक वाचन

दिवाळीला घर भरले, की एक जुना वाद हमखास निघतो. घरातला एखादा मुलगा हट्टी निघालेला असतो, किंवा एखादी मुलगी गणितात पहिली आलेली असते. आजी म्हणते, "थेट पणजोबांवर गेला आहे!" मामा चकली मोडता मोडता म्हणतात, "पणजोबांना कशाला मध्ये आणता? सारा संगतीचा परिणाम." आजीचे म्हणणे 'खाण तशी माती' या म्हणीत मावते, मामांचे म्हणणे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीत. आपल्या भाषेने या दोन्ही म्हणी सारख्याच ममतेने जपल्या आहेत आणि दोहोंमधला झगडा मिटविण्याची तसदी कधी घेतलेली नाही. वाण म्हणजे रक्त आणि गुण म्हणजे रीत, असे धरले तर माणूस कशाने घडतो, हा शास्त्रज्ञांना शतकभर छळणारा प्रश्न आपल्या फराळाच्या ताटाभोवती दरवर्षी नव्याने मांडला जातो, असे म्हणावे लागेल.

या प्रश्नाला आयुष्य वाहिलेली आणि त्यावर उत्तम मराठी गद्य लिहिणारी एक लेखिका आपल्यात होऊन गेली. इरावती कर्वे यांचे नाव घेतले, की बहुतेकांना 'युगान्त' आठवते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि महाभारताकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टीच त्याने बदलली. पण इरावतीबाई पेशाने मानवशास्त्रज्ञ होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी तीस वर्षे काम केले. त्यांचे ललित लेखन एका कपाटात आणि शास्त्रीय लेखन दुसऱ्या कपाटात, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. मला ती वाटणी मान्य नाही. दोन्ही कपाटांतली पुस्तके एकत्र वाचली, तर त्यांतून एकच विचार उलगडत जातो. आणि तो विचार किती टिकतो हे पारखून पाहायला पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कारखान्यांचा पट्टा, जिथे मी राहतो, मला फार सोयीचा वाटतो. डेक्कन कॉलेजापासून हा पट्टा काही मैलांवरच आहे.

आरंभ बर्लिनपासून करावा लागतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई जर्मनीत गेल्या आणि ऑयगेन फिशर या मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. फिशर यांची संस्था मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचा अभ्यास करीत असे. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक गोऱ्या युरोपीय वंशांत अधिक असावा आणि त्याचा त्यांच्या तर्कबुद्धीशी संबंध असावा, अशी फिशर यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या खंडांतील माणसांच्या कवट्या मोजल्या. मापे पाहिली, तर वंश आणि कवटीची असमानता यांचा काही संबंध दिसेना. त्यांनी तसे प्रबंधात लिहून टाकले. मार्गदर्शकाला जे हवे होते, त्याच्या उलट निष्कर्ष एका पंचविशीच्या हिंदी विद्यार्थिनीने काढावा, हे सोपे नव्हते. पुढे १९३३नंतर त्या संस्थेचे शास्त्र नाझी सत्तेच्या वंशशुद्धीच्या धोरणाला राबू लागले. त्याचे परिणाम जगाने पाहिले. कवटीत श्रेष्ठत्व शोधणारे लोक शेवटी कोठे जाऊन पोहोचतात, याची ही गोष्ट आहे. आणि तिच्या पहिल्या पानावर एका मराठी स्त्रीने नोंदविलेला नकार आहे.

मग माणसामाणसांतील भेद जर कवटीत नाही, तर तो कोठे आहे? इरावतीबाईंनी याचा शोध घरात घेतला. १९५३ साली त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी देशभर हिंडून नात्यांची नावे गोळा केली. आपल्याकडे मामा, काका, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द का, कोणत्या प्रांतात कोणते दोन नातलग एकाच शब्दात कोंबले जातात, सून सासऱ्यापुढे बोलते की नाही, असल्या वरकरणी घरगुती गोष्टींतून त्यांनी भारताचा एक नकाशा काढला.

त्या नकाशातली एकच गोष्ट येथे घेऊ. एका मुलाला चार बहिणी आहेत: चुलतबहीण, मावसबहीण, आतेबहीण आणि मामेबहीण. रक्ताचा हिशेब केला, तर चौघीही त्याला सारख्याच जवळच्या. आजी-आजोबांच्या एका जोडीतून मिळालेला वारसा चौघींशीही सारख्याच प्रमाणात वाटला गेलेला असतो. निसर्गाच्या तराजूत चौघींचे वजन एकच. पण महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करून घेणे रीतीला धरून आहे, आत्याची मुलगी सहसा चालत नाही, आणि चुलतबहीण किंवा मावसबहीण ही तर सख्ख्या बहिणीसारखीच. उत्तरेत गेलात, तर मामेबहिणीशी लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत ते हक्काचे. महाराष्ट्र मध्ये उभा आहे, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेसुद्धा निषिद्ध नाती ठरविताना 'रूढीने मुभा दिली असेल तर' एवढी वाट मोकळी ठेवली. म्हणजे रक्त तेच, पण एक बहीण आणि एक बायको! भेद कोणी केला? रीतीने.

येथे कोणी म्हणेल, की सख्ख्या भावंडांतला निषेध तरी निसर्गाचा असेल. आहे, पण तोही कसा आहे ते पाहण्यासारखे आहे. वेस्टरमार्क या फिनलंडच्या पंडिताने १८९१ साली असे मांडले, की लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मुलामुलींना पुढे एकमेकांविषयी आकर्षण वाटत नाही. इस्रायलमधील सामुदायिक वसाहतींत, जिथे निरनिराळ्या आईबापांची मुले एकाच बालगृहात वाढत, नेमके हेच आढळले: ती मुले मोठेपणी आपसांत लग्ने जवळजवळ करीतच नसत. त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते. याचा अर्थ असा, की निसर्गाला स्वतःलाही रक्त ओळखता येत नाही. त्याला सहवास ओळखता येतो. एका ताटात जेवलेले, एका अंगणात खेळलेले ते आपले, एवढीच निसर्गाची अक्कल. आपल्या माणसासाठी झिजावे, ही ओढ उपजत आहे. १९६४ साली हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मुंग्यांपासून माणसापर्यंत लागू पडेल असे तिचे गणितही मांडले. पण 'आपले' कोण, हे मुंगी वासावरून ठरविते आणि माणूस शब्दावरून ठरवितो. ओढ निसर्गाने दिली, यादी समाजाने लिहिली. इरावतीबाईंच्या साऱ्या लेखनाचे सूत्र मला या एका वाक्यात सापडते.

हे सूत्र त्यांनी जातीला लावले, तेव्हा मोठा वाद उभा राहिला. जात म्हणजे एका मोठ्या आप्तगणाचाच विस्तार आहे, असे त्यांचे मत होते. त्यांचे गुरू गोविंद सदाशिव घुर्ये मानीत, की मूळ एकच समूह फुटून त्याच्या पोटजाती झाल्या. इरावतीबाई उलट म्हणाल्या, की मुळात निराळे असलेले गट शेजारी येऊन एका नावाखाली बसले. महाराष्ट्रातल्या कुंभारांचेच पाहा: थोरल्या चाकाचे निराळे, लहान चाकाचे निराळे; धंद्याचे नाव एक, पण सोयरीक नाही. १९६८ साली कैलास मल्होत्रा यांच्यासमवेत त्यांनी सामाजिक दर्जा एकच असलेल्या, परंतु आपसांत लग्ने न करणाऱ्या आठ गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. गटागटांत फरक दिसले.

घाईने वाचणारा म्हणेल, 'पाहा, भेद शेवटी रक्तातच निघाला!' पण नीट पाहिले, तर याच अभ्यासाने जातिश्रेष्ठत्वाची वाट अधिक पक्की बंद केली. दर्जा समान असूनही शरीरे निराळी असतील, तर शरीरावरून दर्जा कसा ठरणार? लग्नाची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिली, म्हणून फरक साठत गेला. अलीकडच्या जनुकशास्त्राने या कथेला आणखी खोली दिली आहे. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर सरमिसळ थांबत गेली आणि जातीअंतर्गत विवाह रूढ झाले. म्हणजे आपण सारे आधीच मिसळलेले आहोत. मागाहून कड्या लावून घेतल्या आहेत. रक्ताने रीत घडविली नाही, रीतीने रक्त घडविले.

हे शास्त्र झाले. पण इरावतीबाई ललित लेखिका म्हणून मोठ्या ठरतात, त्या याच विचाराला अंगावर घेतात म्हणून. 'परिपूर्ती' हा त्यांचा लघुनिबंध पाहा. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. हजारो माणसांची डोकी मोजलेल्या या विदुषीला स्वतःची ओळख नातलगांच्या यादीतून ऐकावी लागते, आणि तीही काहीतरी अपुरी वाटते. ती अपुरी ओळख पूर्ण कोण करतो? रस्त्यावरची शाळकरी पोरे. आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, एवढे ती तिला ओळखतात आणि लेखिकेला धन्य वाटते. निबंध वाचताना आपण हसतो. हसू ओसरले, की लक्षात येते, की आप्तसंबंधांवरच्या जाड इंग्रजी ग्रंथातला सिद्धान्त येथे दोन-तीन पानांत, विनोदाच्या अंगाने, स्वतःवर प्रयोग करून सांगितला आहे. माणूस नात्यांच्या बाहेर उभा राहूच शकत नाही का? हा प्रश्न त्या विचारीत नाहीत. तो वाचकाच्या मनात ठेवून निघून जातात.

'वाटचाल' हा त्यांचा लेख अधिक थोर आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या, त्याची ही हकिगत. पायांचे फोड, पाऊस, ओव्या, बायकांच्या गप्पा, हे सारे तेथे आहेच. पण लेखाचे मर्म एका दुखण्यात आहे. एकाच दिंडीत एकच अभंग गाणारी माणसे जेवायला बसताना जातीप्रमाणे निराळी बसतात. वाटेवर सारे एकमेकांना 'माऊली' म्हणतात, एकमेकांच्या पायांना हात लावतात, आणि पंगत मांडली की माऊली दोन होतात. इरावतीबाईंना हे बोचले आणि त्यांनी ते न लपविता लिहिले. महाराष्ट्र म्हणजे पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश, अशा अर्थाची व्याख्या त्यांना याच वाटेवर सुचली. म्हणजे एकपणाचा साक्षात्कार आणि दुभंगलेपणाची जाणीव त्यांना एकाच प्रवासात झाली. दोहोंपैकी एकाला खोटे ठरवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा मला येथे कवटीच्या मापांपेक्षाही अधिक जाणवतो.

आता या वाटेवरच आजचा आमचा औद्योगिक पट्टा आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघते, तिचा मुक्काम आकुर्डीला असतो आणि दुसऱ्या दिवशी चिंचवड-पिंपरीवरून ती पुण्याला जाते. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे उतरते. आळंदीच्या अलीकडे-पलीकडे, चाकणच्या माळावर, जेथे एके काळी कांद्याच्या बाजाराची आणि किल्ल्याचीच ख्याती होती, तेथे आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, साठीच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीचा बजाज आला. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. आणि २०११च्या जनगणनेत या नगरीची वस्ती सुमारे सव्वासतरा लाख भरली. फाळणीनंतर आलेले सिंधी, मराठवाड्यातून आणि खानदेशातून आलेले शेतकऱ्यांचे मुलगे, सोलापूरचे विणकर, कोकणातले चाकरमाने, पुढे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, असे शेकडो समूह येथे येऊन पडले. मल्होत्रा यांनीच माधव गाडगीळ यांच्यासह १९८३ साली असे मांडले होते, की जातींनी निसर्गातली साधने आपसांत वाटून घेतली होती: कोणी शिकार, कोणी मेंढरे, कोणी बांबू, त्यामुळे स्पर्धा कमी राहिली. येथे तर ती सारी साधनेच नाहीशी झाली. कुंभाराचा मुलगा आणि धनगराचा मुलगा एकाच यंत्रावर पाळीपाळीने उभा आहे. तेव्हा जात गळून पडायला हवी होती.

काय झाले? अर्धी गळून पडली. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली. भोंगा होतो, अर्ध्या तासात जेवण उरकायचे असते, ताट पुढे येते ते घ्यावे लागते. शेजारी कोण बसला आहे याची चौकशी करायला सवड नसते. दिंडीला शतकानुशतके जे साधले नाही, ते भोंग्याने एका पिढीत करून दाखविले. आणि त्याहून मौज वाटते ती भाषेची. पाळीवरचा वयस्क फिटर सगळ्यांचा 'मामा' असतो, पर्यवेक्षक 'अण्णा', शेजारची सोलापूरकडची बाई पोरांची 'मावशी'. नात्यांचे शब्द जात ओलांडून केव्हाच पलीकडे गेले आहेत. देशभरचे नात्यांचे शब्द वेचणाऱ्या इरावतीबाईंना हे पीक पाहून किती आनंद झाला असता! 'आपले' कोण, ही यादी येथे पुन्हा लिहिली जात आहे आणि ती लिहिताना निसर्गाने कोठेही हरकत घेतलेली नाही.

पण यादीच्या एका रकान्याला अजून कोणी हात लावलेला नाही. ज्याला वीस वर्षे 'मामा' म्हटले, त्याची मुलगी आपल्या घरात सून म्हणून यावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. मामेबहीण चालते, पण ती 'आपल्यातल्या' मामाची! रोटीचा निर्बंध गेला, बेटीचा राहिला. शहराच्या कार्यालयांतून जातवार वधू-वर मेळावे भरतात, आणि संगणकावरच्या विवाहस्थळांतही जातीचा रकाना पहिल्या पानावर असतो. २०११-१२ साली देशभर झालेल्या मानवी विकास सर्वेक्षणात जातीबाहेरचे विवाह सुमारे पाच टक्केच आढळले. कायदा तर १९४९ सालीच आंतरजातीय विवाहाच्या आड येण्याचे थांबला. अडथळा कायद्याचा नाही आणि रक्ताचा तर मुळीच नाही.

येथेच इरावतीबाईंच्या लेखनातली उणीव मला जाणवते आणि ती आदराने, पण स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी गटांकडे इतक्या प्रेमाने आणि कुतूहलाने पाहिले, की गट हे जणू त्यांना आधीपासून दिलेले वाटतात. अनेक समूह शेजारी शेजारी, आपापल्या रीती सांभाळून, एकमेकांना सोसून नांदत आले, हे त्यांचे हिंदू समाजाचे चित्र विलोभनीय आहे. परंतु त्यात शेजाऱ्याच्या वरचा मजला आणि खालचा मजला पुरेसा दिसत नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला 'वैविध्य' हा शब्द पुरत नाही. बर्लिनमध्ये मोजपट्टीचे खोटेपण पाहिल्यानंतरही त्यांनी मोजपट्टी पुढे अनेक वर्षे हातात ठेवली, हेही नवल वाटण्यासारखे आहे.

दुसरे एक उत्तर त्यांच्याही आधी एका मराठी माणसाने दिले होते. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्क येथे, गोल्डनवाइझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर एक निबंध वाचला. जातीचे सार सजातीय विवाहात आहे, बाकी सारे त्याचे आनुषंगिक, असे त्यांनी दाखविले. आणि हे दार वरच्या वर्गाने आधी लावून घेतले, मग अनुकरणाने इतरांनीही आपापली दारे लावली, असे त्याचे कारण दिले. इरावतीबाई सांगतात, की निराळ्या घरांची वस्ती झाली. आंबेडकर सांगतात, की एका घरात भिंती घातल्या गेल्या. उगमाविषयी मत काहीही असो, कडी कोठे आहे यावर दोघांचे एकमत होते. फरक एवढाच, की इरावतीबाईंनी कडीचे सूक्ष्म वर्णन केले आणि आंबेडकरांनी ती काढायची म्हटली. २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे पिंपरीत औषधाचा कारखाना आला त्याच वर्षी, आंबेडकरांनी याच पट्ट्याच्या टोकाला, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. देहूच्या वाटेवर आपल्यांची यादी नव्याने लिहू पाहणाऱ्या माणसाची ती खूण आजही तेथे आहे.

तरीही इरावतीबाई मला हव्याशा वाटतात. कारण आंबेडकर जे कर्तव्य सांगतात, ते शक्य आहे याचा पुरावा इरावतीबाईंच्या पानांत आहे. चार बहिणींचे रक्त एक असून नाती चार प्रकारची होऊ शकतात, तर रक्त निराळे असलेल्यांचे नाते एक का होऊ नये? रीत माणसाने लिहिली, हे ज्याला कळले त्याला ती पुसताही येते, हेही कळावे. त्यांनी हे शेवटचे पाऊल लिहिले नाही. पण तेथवर नेणारी वाट मात्र आखून दिली. उरलेले अंतर चालणे वाचकाचे काम आहे.

या दिवाळीत फराळाची ताटे एका दारातून दुसऱ्या दारात जातील. जात विचारून लाडू परत करणारे घर आमच्या बाजूला आता विरळाच. चौदा-पंधरा दिवसांनी तुळशीचे लग्न लागेल आणि मग घराघरांत स्थळे पाहणे सुरू होईल. माहितीच्या कागदावर उंची, शिक्षण, पगार लिहून झाले, की लेखणी एका रकान्यापाशी आपोआप थांबते. तेथे काय लिहायचे, किंवा काहीच न लिहिता तो कोरा ठेवायचा, हे सांगायला निसर्ग येणार नाही. ते घरातल्या माणसांनीच ठरवायचे आहे.